ओल बघून पेरा: कोरडवाहू रानात तूर आणि हरभऱ्याचं वर्षभराचं काम

हस्ताचा पाऊस उघडून दोन-तीन दिवस झाले की बार्शी-माढ्याकडच्या शिवारात माणसं वाकून माती उचलताना दिसतात. चार बोटं खालची मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. गोळा पडून फुटला, माती मोकळी झाली, तर वाफसा आलाय, म्हणजे ओल पेरणीजोगी झालीय. पडून तसाच चिकट राहिला तर अजून थांबा. मुठीत गोळा वळलाच नाही तर पेरणीची घात, म्हणजे योग्य वेळ, निघून चाललीय. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण कोरडवाहू हरभऱ्याची उगवण त्यावर ठरते.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्यांदा चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या बी सोडायच्या नरसाळ्यावर, मूठ धरायला शिकले. सासऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं, "बी मातीत नको टाकू, ओलीत टाक." माती आणि ओल हा फरक कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. कडधान्याला खत कमी चालतं, फवारणी एखादी हुकली तरी पीक हाताला लागतं, पण ओलीचा अंदाज चुकला की वर्ष जातं. म्हणून या लेखात ओलीवर जास्त लिहिलंय आणि बाकीच्या गोष्टींवर गरजेपुरतं.

हे सगळं पर्जन्यछायेतल्या पट्ट्यासाठी आहे: सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगरचा दक्षिण भाग, जत-आटपाडी, माण-खटाव. विहीर नाही, किंवा आहे पण डिसेंबरात तळ दिसतो, अशा रानांसाठी. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन १९३३ पासून चालू आहे आणि तिथल्या शिफारशींचा मोठा भाग पडलेलं पाणी रानात कसं थांबवायचं, याच प्रश्नावर आहे.

आधी रान किती खोल आहे ते बघा

पिकाचा विचार नंतर. उन्हाळ्यात रानात तीन-चार ठिकाणी खड्डे घ्या. वरच्या बांधाजवळ एक, मध्यावर एक-दोन, खालच्या बांधाजवळ एक. मुरूम किती खाली लागतो ते मोजा. एकाच गटात वर एक फूट आणि खाली चार फूट माती असते. तिथं सरसकट एकच पीक पेरणं म्हणजे निम्म्या रानावर अन्याय आहे.

एक साधा हिशोब मनात पक्का करून ठेवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटर पाणी. मीटरभर खोल काळी माती पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. दीडशे धरले तरी एकरी सहा लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचे साठ टँकर तुमच्या एका एकरात मातीच्या पोटात उभे आहेत असं समजा. फूटभर मातीचं हलकं रान मात्र चाळीस-पन्नास मिलिमीटरच्या पुढं जात नाही. म्हणून भारी रानात पाऊस संपल्यावर पेरलेला हरभरा निव्वळ साठलेल्या ओलीवर निघतो आणि हलक्या रानात तोच हरभरा फुलावर येऊन वाळतो.

फूटभर मातीचं मुरमाड रान असेल तर मटकी आणि हुलगा. दोन-अडीच फुटांचं मध्यम रान असेल तर मूग, उडीद, किंवा आंतरपिकात तूर. तीन फुटांच्या वरचं भारी काळं रान असेल तर रब्बीचा हरभरा, नाहीतर खरिपात मूग काढून त्यावर रब्बी ज्वारी. हलक्या रानाला कमी लेखू नका. सोलापूरच्या केंद्रानं हुलग्याच्या दोन वाणांना सीना आणि माण अशी आपल्या नद्यांची नावं दिलीत. हुलग्याला आपल्याकडं भाव कमी मिळतो, पण थंडीत माडगं आणि शेंगोळे ज्यांच्या घरात होतात त्यांना त्याची किंमत सांगायला नको.

मृगाआधीची कामं

खोल नांगरट दरवर्षी करू नका. तीन वर्षांतून एकदा पुरते. हराळी-कुंदा माजला असेल तरच मध्ये करा. बाकी वर्षी वखराच्या, कुळवाच्या पाळ्या द्या, त्याही उताराला आडव्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आडवं. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास सोयीचं पडतं म्हणून तो उताराच्या दिशेनं ट्रॅक्टर घालतो. तिथं उभं राहून त्याला आडवं मारायला लावा. उताराच्या दिशेनं पडलेली प्रत्येक काकरी जूनमध्ये छोटा ओढा होते आणि वरची कसदार माती घेऊन जाते.

बांध फुटलेले असतील तर मे महिन्यातच टाकून घ्या. सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, दगडांचा बांधून घ्या आणि तो बांधापेक्षा खाली ठेवा. आपल्या भागात पाऊस कमी आहे म्हणून बांध लहान चालतो, हा समज चुकीचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यात एका दिवसात जो पाऊस कोसळला त्यानं मातीचे बांध कागदासारखे फाडून नेले. कोरडवाहू भागात पाऊस थोड्या दिवसांत आणि जोरात पडतो, बांध त्या हिशोबानं हवा.

शेणखत असेल तर एकरी दोन टन पसरून शेवटच्या कुळवणीत मिसळा. नसेल तर तुरीचा पाला, सोयाबीनचं भुसकट रानातच राहू द्या. पेटवू नका. त्यातून मिळणाऱ्या खतापेक्षाही त्यानं माती भुसभुशीत राहते आणि पाणी आत शिरतं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

खरीप: मूग, उडीद आणि तूर

पहिल्या पावसाला भुलू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरणी करायची नाही, हा कृषी खात्याचा सल्ला दरवर्षी ऐकू येतो आणि दरवर्षी शेजारचा पेरतोय म्हणून मोडला जातो. मृगात २५-३० मिलिमीटर पडतो, वरची वीतभर माती ओली होते, बी उगवतं आणि मग तीन आठवडे उघडीप. दुबार पेरणीचा खर्च एकरी किती होतो ते कडधान्यवाल्याला विचारून बघा.

मूग आणि उडीद ६५ ते ७५ दिवसांत निघतात. जूनच्या शेवटापर्यंत किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरले तरच त्यांचा फायदा, कारण सप्टेंबरच्या सुरुवातीला रान मोकळं होऊन रब्बीची ओल धरायला वेळ मिळतो. जुलैचा मध्य उलटला तर हा नाद सोडा. उशिराच्या मुगावर भुरी येते आणि शेंगा तोडणीला परतीचा पाऊस गाठतो.

तुरीचा वाण निवडताना दिवस मोजा. बीएसएमआर ७३६ सारखा वाण १७५-१८० दिवस घेतो. भारी रानात तो भरपूर देतो. मध्यम रानात मात्र शेंगा भरायच्या वेळी, म्हणजे डिसेंबरात, खालची ओल संपलेली असते. तिथं बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ बरा. १५०-१५५ दिवसांत येतो, दाणा पांढरा आणि मर रोगाला तोंड देतो. गोदावरी हा त्याच केंद्राचा नंतरचा वाण, त्याला थोडे जास्त दिवस लागतात. शेजाऱ्याला एकरी दहा क्विंटल कोणत्या वाणानं दिली हे विचारण्याआधी त्याच्या रानात मुरूम किती खाली आहे ते विचारा.

एकटी तूर पेरण्यापेक्षा बाजरीच्या दोन ओळींना तुरीची एक, किंवा सोयाबीन-उडदाच्या चार ओळींना तुरीच्या दोन, असं पेरलं तर एक पीक गेलं तरी दुसरं हाताला लागतं. तुरीच्या दर दोन ओळींनंतर पेरणीला महिना-सव्वा महिना झाला की बळीराम नांगरानं एक सरी पाडून ठेवा. तिला मृत सरी म्हणतात. पाऊस कमी असेल तर ती पाणी मुरवते, जास्त झाला तर वाट देते. तुरीला ओल हवी पण पाय पाण्यात नको. दोन-तीन दिवस पाणी साचलं तर झाडं खोडाजवळ कुजायला लागतात.

४५ दिवसांची झाली आणि रानात ओल असली की तुरीचे शेंडे दोन बोटं खुडा. बाजूला फांद्या फुटतात. ओल नसताना खुडू नका, झाड दुखावतं.

मोकळं ठेवलेलं रान हीच साठवण

ज्या रानात हरभरा करायचाय आणि खरीप घेतलेलं नाही, ते रान जून ते सप्टेंबर रिकामं दिसतं. खरं तर तेव्हाच तिथं सगळ्यात मोठं काम चालू असतं. दर मोठ्या पावसानंतर वाफसा आला की कुळवाची एक पाळी द्या. त्यानं दोन गोष्टी होतात. तण मरतं आणि वरची पापडी फुटते. तणाकडं सहज बघून सोडून देऊ नका. चाळ्याचा, कुर्डूचा हिरवा गालिचा म्हणजे तुमचा साठवलेला टँकर कोणीतरी रोज गुपचूप उपसतंय.

जुलैत जमेल तसे रानाचे चौकोनी वाफे पाडा. सारे-वाफे पाडायचं सारायंत्र असेल तर सोपं, नसेल तर बैलाच्या अवजारानंही होतात. उतार जास्त तर वाफे लहान, उतार कमी तर थोडे मोठे. पाऊस पडला की प्रत्येक वाफा आपलं पाणी आपल्याजवळ ठेवतो. पाऊस झाल्यावर पाऊण तासानं रानात जाऊन बघा. वाफ्यांच्या रानात पाणी जागोजाग चमकत असतं आणि शेजारच्या सपाट रानातलं पाणी खालच्या बांधाला लागलेलं असतं. हरभऱ्याआधी हे वाफे मोडून रान सारखं करून घ्यावं लागतं, तेवढं एक काम वाढतं.

गज टोचून ओल मोजा

ही गोष्ट मी २०१८ ला शिकले, तीही नुकसान सोसून. त्या वर्षी ऑगस्टनंतर पावसानं पाठ फिरवली. सप्टेंबरच्या शेवटी एक सर आली. वरची माती काळीभोर झाली, मुठीत गोळा वळला, सोडल्यावर फुटला. आम्ही तीन एकर हरभरा पेरला. उगवण छान झाली. महिनाभरानं झाडं टाचा उंच करून उभी राहिल्यासारखी वाटायला लागली, पानं बारीक, फांद्या नाहीत. एक झाड उपटलं तर मूळ वीतभर खाली जाऊन आडवं वळलेलं. खाली कोरडा थर होता, मूळ त्यात शिरलंच नाही. ३१ ऑक्टोबरला सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, पण आमचं बी तोवर रानात गेलेलं होतं. तीन एकरांत घरच्या डाळीपुरतंही झालं नाही.

तेव्हापासून मुठीतल्या गोळ्यावर एकट्यावर भरवसा ठेवत नाही. चार फूट लांबीचा, बोटाएवढ्या जाडीचा लोखंडी गज घ्या. एका टोकाला धरायला आडवी मूठ वेल्डिंग करून घ्या. पेरणीआधी रानात दहा ठिकाणी तो सरळ खाली दाबा. ठोकायचा नाही, अंगाचा भार देऊन दाबायचा. ओल्या मातीत तो सरकत जातो आणि कोरडा थर लागला की थांबतो, हाताला कळतं. दगड लागला तर खट्ट असा आवाज येतो, तिथून दोन पावलं सरकून पुन्हा टोचा. गज किती आत गेला ते टेपनं मोजून वहीत लिहा.

आमच्या रानापुरता बसवलेला माझा अंदाज असा आहे. तीन फूट किंवा जास्त गेला तर हरभरा निर्धास्त पेरा. दोन ते तीन फूट गेला तर कमी दिवसांचा वाण घ्या आणि करडई सोबत पेरा, हरभऱ्याच्या सहा ओळींना करडईच्या तीन. दीड फुटाच्या आत थांबला तर हरभऱ्याचं महागडं बी घालू नका. जनावरांसाठी कडब्याची ज्वारी टाका किंवा रान तसंच राहू द्या. रान रिकामं ठेवायला जीव होत नाही हे मला माहीत आहे. पण बी, खत, पेरणी, कोळपणी धरून एकरी हजारो रुपये वाचतात आणि उरलेली ओल पुढच्या मृगाला उपयोगी पडते.

हरभरा पेरणी

कोरडवाहू हरभऱ्याचा काळ म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते १० ऑक्टोबर. बागायती हरभरा ऑक्टोबरच्या शेवटाला पेरतात, त्याच्याशी आपली तुलना नको. तिथं पाणी द्यायची सोय असते. आपण उशीर केला तर वरची ओल दिवसाला दिसेल एवढी खाली जाते. फार लवकर पेरलं तरी अडचण आहे, माती तापलेली असते आणि मर जास्त लागते. गज आणि गोळा दोन्ही जमले की त्याच दिवशी पेरा.

वाणात राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा विजय जुना आणि ओलीवर टिकणारा, ८५-९० दिवसांत निघतो. दिग्विजयचा दाणा मोठा, भाव थोडा बरा मिळतो. अकोल्याचा जाकी ९२१८ टपोरा आहे, पण मी त्याला भारी रान देते. हार्वेस्टरनं काढायचा असेल तर उंच वाढणारा फुले विक्रम घ्या. बारीक दाण्याचं बी एकरी २५-२६ किलो, मोठ्या दाण्याचं ३० किलो. दोन ओळींत फूटभर अंतर.

बी घरचं असो की पिशवीचं, पेरणीच्या आठ दिवस आधी उगवण तपासा. पिशवीवर छापलंय म्हणून सोडून देऊ नका. एका दुकानातून आणलेल्या दोन पिशव्यांपैकी एकीत शंभरात ५८ च दाणे उगवलेले मी स्वतः मोजलेत. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी मोजा. ८५ च्या वर उगवले तर उत्तम. ७० ते ८५ असतील तर बी वाढवून पेरा. त्याखाली असतील तर बदला.

बीजप्रक्रिया पेरणीच्या सकाळी करा. आधी ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, किलोला ५ ग्रॅम. मग १२५ ग्रॅम गूळ लिटरभर पाण्यात उकळून पूर्ण गार करा. त्यात हरभऱ्याचं रायझोबियम, म्हणजे हवेतला नत्र बांधणारं जिवाणू खत, आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत मिसळून बियांवर हलक्या हातानं चोळा. दहा किलो बियाला प्रत्येकी २५० ग्रॅमचं पाकीट. बी पोत्यावर सावलीत पसरा आणि सुकलं की लगेच पेरा. गूळपाणी गरम असताना मिसळलं किंवा बी उन्हात वाळवलं तर जिवाणू मरतात आणि सगळं व्यर्थ जातं. पाकिटावर हरभरा लिहिलंय का ते वाचा. तुरीचं रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे.

खत एकरी एक पोतं डीएपी आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश, तेही पेरूनच. वरून फेकलेलं खत कोरड्या मातीत पडून राहतं, मुळांना मिळत नाही. दोन चाड्यांची पाभर असेल तर खत बियाच्या खाली पडतं, ते सर्वात चांगलं. नत्र यापेक्षा जास्त देऊ नका. झाड हिरवंगार होतं, मुळांवर नत्राच्या गाठी धरत नाहीत.

खोली ८ ते १० सेंटिमीटर. बागायतीवाले दोन इंचावर पेरतात, आपल्याला चार बोटं खाली जायचंय कारण ओल तिथं आहे. हरभऱ्याचा दाणा मोठा असतो, तेवढ्या खोलीतून तो वर येतो. पेरल्यावर मागून हलकी फळी फिरवा म्हणजे माती बियाला बिलगते. पेरताना बियाण्यात एकरी मूठ-दोन मूठ ज्वारी मिसळा. ती उंच वाढते आणि पक्ष्यांना बसायला जागा होते. त्याचं काम पुढं येईल.

तणनाशकाबद्दल एक शब्द. पेरणीनंतर लगेच मारायच्या तणनाशकाला वरची माती ओली लागते. आपल्याकडं तेव्हा वरचे दोन बोटं वाळलेले असतात. पैसे वाया जातात.

कोळपणी म्हणजे अर्धं पाणी

हे वाक्य प्रत्येक कृषी मेळाव्यात ऐकायला मिळतं आणि त्यात तथ्य आहे. काळी माती वाळली की भेगा पडतात. भेग म्हणजे आत-बाहेर हवा खेळणारी चिमणी, तिच्यातून खालची ओल उडून जाते. कोळप्यानं वरची माती मोकळी केली की ती भेगेत पडते आणि तोंड बुजतं. पहिली कोळपणी २०-२२ दिवसांनी, दुसरी ३०-३५ दिवसांनी. भेगा मोठ्या झाल्या असतील तर दातेरी कोळपं वापरा. फुलं दिसायला लागली की कोळपं बंद, मुळं तुटतात.

महिना-सव्वा महिन्याच्या हरभऱ्याचे शेंडे खुडा. झाड पसरतं, फांद्या वाढतात, आणि खुडलेली भाजी हा त्याचा पहिला हप्ता. आमच्याकडं कोवळ्या पानांचा घोळाणा करतात, शेंगदाण्याचा कूट आणि तिखट घालून. याच दिवसांत पहाटे हरभऱ्यावरून स्वच्छ धुतलेलं सुती फडकं फिरवून पिळलं की आंब मिळते. माझ्या सासूबाई ती बाटलीत भरून ठेवायच्या आणि पोट दुखलं की चमचाभर पाण्यातून द्यायच्या. आंबट लागतं ते मॅलिक आम्ल, पानांवरच्या बारीक केसांतून पाझरतं. अनवाणी पायांनी फिरलं तर टाचांच्या भेगांना ते झोंबतं.

याच वेळी दोन-तीन झाडं मुळासकट हळूच काढा. उपटू नका, खुरप्यानं माती सोडवा, नाहीतर गाठी मातीतच राहतात. मुळांवर मुगाएवढ्या गाठी दिसतील. एक नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर जिवाणू हवेतला नत्र बांधतायत. पांढरट किंवा हिरवट असेल तर काम बंद आहे. मग फुलोऱ्यात दोन टक्के युरियाची, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅमची, एक फवारणी द्या आणि पुढच्या वर्षी बीजप्रक्रियेत काय चुकलं ते शोधा.

घाटेअळी आणि मर

घाटेअळी पहिल्यांदा शेंड्यावर दिसते. खसखशीएवढी पिवळसर अंडी, मग पानांवर खरवडल्याचे पांढरे डाग. घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, लागल्यावर ती डोकं आत खुपसून अर्धं अंग बाहेर ठेवून खाते. एक अळी ३० ते ४० घाटे रिकामे करते, म्हणून लहान असतानाच गाठा. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन दिवस आठ-दहा पतंग पडले तर तयारी करा. ओळीच्या मीटरभर लांबीत एक-दोन अळ्या सापडल्या तर फवारा.

पहिली फवारणी निंबोळीची. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून १०० लिटर करा, थोडा साबण घाला. त्यानंतर अळी लहान असेल तर घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, संध्याकाळी चारनंतर फवारा. दुपारच्या उन्हात तो मरतो. अळ्या मोठ्या झाल्या, संख्या वाढली, तरच रासायनिक औषध घ्या, लेबलवरच्या मात्रेनं. तोंडाला रुमाल आणि हातात मोजे घालून फवारा. दोन औषधं एकत्र करून मारू नका. आणि ती मुठभर पेरलेली ज्वारी आठवा. तिच्यावर कोतवाल, साळुंक्या बसतात आणि दिवसभर अळ्या टिपतात. तुरीवर मोठ्या अळ्या असतील तर ओळीत पोतं अंथरून झाड हळूच हलवा, अळ्या पोत्यावर पडतात. गोळा करून कोंबड्यांना घाला.

मर लागलेलं झाड एकाएकी मलूल होतं, शेजारचं ठणठणीत असतं. मुळाजवळचं खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर ती मर. त्यावर उभ्या पिकात इलाज नाही, फवारणीला पैसे घालू नका. बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, म्हणून त्या रानात निदान तीन वर्षं हरभरा घेऊ नका, ज्वारी-करडई फिरवा.

एखादं पाणी मिळालंच तर

विहिरीला थोडं असेल किंवा शेततळ्यात उरलं असेल तर ते फुलकळी लागताना द्या, दुसरं असेल तर घाटे भरताना. तुषार संचानं द्या. भेगा पडलेल्या रानात पाटानं पाणी सोडू नका. पाणी भेगेतून खाली निसटतं, वर काही झाडं तहानलेली राहतात आणि काही गुदमरून पिवळी पडतात. भेगा पडण्याआधी हलकं पाणी द्यायचं असतं. पाणी अजिबात नसेल आणि ओल संपत आलेली असेल तर घाटे लागताना पोटॅशियम नायट्रेटची एक टक्का फवारणी झाडाला थोडे दिवस धीर देते. त्यानं पाण्याची जागा भरून निघत नाही.

काढणी आणि साठवण

घाटे तपकिरी झाले, पानं पिवळी पडून गळायला लागली की काढणी सुरू करा. सकाळी दवात काढा, म्हणजे घाटे झडत नाहीत. हाताला फडकं गुंडाळा, आंबेनं बोटं चिरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट यायला वेळ लागत नाही, म्हणून ढीग ताडपत्रीजवळच घाला.

मळणीनंतर उन्हात तीन-चार दिवस वाळवा. दाणा दातांखाली धरून फोडा. कट्ट आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळलाय, चेपला तर नाही. पोत्यात भरण्याआधी दाण्यांवर पांढरे ठिपके दिसतात का बघा. ती भुंग्याची अंडी. तुरीला आणि मुगाला भुंगा रानातूनच लागून येतो. खाण्यासाठी ठेवायचं असेल तर किलोला पाच मिली करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल चोळा. बियाण्यासाठी हवाबंद तीन थरांची पिशवी चांगली, नाहीतर कोठीत कोरडी राख मिसळा. तूर जास्त असेल तर थोडी डाळ करून ठेवा, डाळीला भुंगा सहसा लागत नाही. अकोल्याच्या विद्यापीठाची छोटी डाळ मिल आता बऱ्याच बचत गटांकडे आहे, क्विंटलला ७० किलोच्या वर डाळ निघते आणि भुसा-चुनी जनावरांना होते.

बियाण्यासाठी आख्ख्या रानातलं घेऊ नका. काढणीच्या आठ दिवस आधी रानात फिरून निरोगी, भरपूर घाट्यांच्या झाडांना चिंधी बांधा. मर लागलेल्या पट्ट्यातलं एकही नको. ती झाडं वेगळी काढा, काठीनं झोडपा, वेगळी वाळवा. पिशवीवर वाण, रानाचा गट, पेरणीची तारीख आणि त्या दिवशी गज किती फूट आत गेला होता ते लिहा.